उमेदवाराची झडती

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



अभ्यासवर्गात बोल म्हणून सांगितलं तेव्हा मी म्हणालो, काँग्रेसच्या एका उमेदवारावर बोलतो. विचारणाऱ्याचा चेहरा असा झाला, जसा काय मी कुणाचं पाकीट खिशात घालून आलोय. म्हणून खुलासा आधी करतो. ही काँग्रेस ती नव्हे. अमेरिकेत संसदेलाच काँग्रेस म्हणतात. तिची दोन सभागृहं. एक सिनेट, दुसरं प्रतिनिधीगृह. प्रतिनिधीगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी. तिथला खासदार खुर्ची गरम करतोय तोवर पुन्हा लोकांच्या दारात.

माझ्या उमेदवाराचं नाव रॉन डेलम्स. काळा माणूस. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड आणि बर्कली या शहरांच्या मतदारसंघातून १९७० साली उभा राहिला, निवडून आला, आणि १९९८ पर्यंत टिकला. २०१८ साली वारला. मेलेल्याबद्दल कशाला बोलायचं? तर मेलेल्याचा हिशेब पुरता करता येतो म्हणून. जिवंत उमेदवाराचा जाहीरनामा म्हणजे न फोडलेली पेटी. वर काय छापलंय ते सगळ्यांना दिसतं. आत माल आहे की भुसा, ते फोडल्यावरच कळतं. आम्ही गोदीतली माणसं. पाळी सुटली की गेटवर आमची झडती होते. खिसे उलटे, डबा उघडा, चप्पल काढ. रोज. मी कधी कधी विचार करतो, आमच्यासारख्या कंत्राटी हमालाची रोज झडती होते आणि जो आमच्या नावानं कायदे करायला जातो, त्याची पाच वर्षांत एकदा पण नाय. आज आपण एकाची करून बघू.

मी मॅट्रिक. इंग्रजी माझी जेमतेम. डेलम्सचं आत्मचरित्र आहे, 'लाइंग डाऊन विथ द लायन्स' नावाचं, ते शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. रात्रपाळीत बोट लागायला उशीर झाला की दोन-चार पानं. वाचायला घेतलं त्याचं कारण सांगतो. ह्या माणसाचा बाप गोदी कामगार होता. ओकलंडच्या धक्क्यावर माल वाहणारा. आणि चुलता रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत राबणाऱ्या काळ्या नोकरांच्या युनियनचा पुढारी. म्हणजे घरात युनियन, बाहेर धक्का. पोरगं वाढलं वेस्ट ओकलंडात. मरीन सैन्यात गेलं, सुटल्यावर सैनिकांना मिळणाऱ्या सवलतीवर शिकलं, आणि मानसिक रुग्णांसाठी काम करणारा समाजसेवक झालं. १९६७ साली बर्कलीच्या नगरपालिकेत निवडून आलं.

ओकलंड हे नाव आपल्याला परकं नाही. १९६६ च्या ऑक्टोबरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली ती याच ओकलंडात. आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती त्या नावाचा धागा पकडून. पण आपण पँथरांचं नाव घेतलं, जाकीट आणि मूठ बघितली, आणि त्याच गल्लीतून त्याच काळात एक माणूस मतपेटीतून संसदेत गेला, त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. डेलम्स पँथरांचा सभासद नव्हता. पण त्यांच्याशी बोलायला, त्यांच्या बाजूनं बोलायला तो भ्यायला नाही. एवढ्यावरून त्याला 'जहाल' म्हणून शिक्का बसला.

आता १९७० ची गोष्ट. त्या मतदारसंघात जेफ्री कोहेलन नावाचा खासदार बारा वर्षं बसलेला. हा कुणी राक्षस नव्हता, हे नीट ऐका. दूधगाड्या चालवणाऱ्या कामगारांच्या युनियनचा जुना पदाधिकारी. नागरी हक्कांच्या कायद्यांना मत देणारा. आपल्या भाषेत पुरोगामी. फक्त व्हिएतनामचं युद्ध आलं की ह्याचं पुरोगामीपण लष्कराच्या दारात चपला काढून उभं राहायचं. १९६६ साली रॉबर्ट शीअर नावाच्या पत्रकारानं युद्धाच्याच मुद्द्यावर त्याला पक्षाच्या आतल्या निवडणुकीत टक्कर दिली. तिकडं पक्षाचा उमेदवार कोण, हे वरून चिठ्ठी येऊन ठरत नाही, मतदार ठरवतात. शीअर हरला, पण चांगली मतं घेऊन हरला. चार वर्षांनी डेलम्सनं तीच वाट धरली आणि कोहेलनला पाडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात संसदेत गेला. त्या मतदारसंघात बहुसंख्य मतदार गोरे होते.

हा काळा माणूस गोऱ्यांच्या मतांवर निवडून कसा आला? गोड बोलून? नाही. त्याच्या भूमिका काय होत्या ते बघा.

पहिली भूमिका: व्हिएतनाममधून सैन्य ताबडतोब परत आणा. टप्प्याटप्प्यानं नाही, सन्मानानं तह झाल्यावर नाही. आत्ता. दुसरी भूमिका पहिलीच्या पोटातली: लष्करावर जो पैसा जातोय तो काढा आणि घरं, दवाखाने, शाळा, रोजगार यांच्यावर लावा. इथं त्याचा इतरांशी फरक आहे. गरिबांना काहीतरी द्या असं सगळेच म्हणतात. कुणाकडून काढून द्या, हे फार थोडे म्हणतात. डेलम्सनं बोट थेट तिजोरीवर ठेवलं. व्हिएतनामच्या खेड्यावर पडणारा बॉम्ब आणि वेस्ट ओकलंडातलं गळकं छप्पर, ही एकाच वहीतली दोन पानं आहेत असं त्यानं मांडलं.

तिसरी भूमिका 'आपण' म्हणजे कोण, याची. काळ्यांना जी घाणेरडी शिवी दिली जाते, ती त्यानं भर सभेत घेतली आणि म्हणाला की ह्या देशात ती शिवी फक्त काळ्यांची नाही. ज्याला ज्याला माणूस म्हणून मोजत नाहीत, तो गरीब गोरा असो, अपंग असो, आंधळा असो, व्यवस्थेच्या विरुद्ध बोलणारा असो, तो तो त्या शिवीत येतो. आता १९७३ चा आपल्या पँथरचा जाहीरनामा आठवा. दलित कोण? अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, धर्माच्या आणि पैशाच्या नावानं पिळले जाणारे सगळे. दोन समुद्रांच्या दोन टोकांना, तीन वर्षांच्या अंतरानं, माणसं एकाच जागी पोचली. ह्याला मी योगायोग म्हणत नाही. खालून बघणाऱ्याला डोंगर सारखाच दिसतो.

म्हणजे गोऱ्यांची मतं त्याला कशी मिळाली? तर युद्धावर जायला नकार देणारा विद्यार्थी, काळ्या वस्तीतला बेकार, बायकांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या पोरी, ह्यांना त्यानं असं नाही सांगितलं की तुम्ही माझ्यावर उपकार करा. त्यानं सांगितलं, तुमचं आणि माझं दुखणं एकाच ठिकाणाहून येतंय. युती म्हणजे दोघांनी आपापली तक्रार घरी ठेवून स्टेजवर हात उंच करणं नव्हे. ते आपण लई बघितलंय.

वरच्यांचा जबाब लगेच आला. तेव्हाचा उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू जाहीर बोलला की असल्या जहाल माणसाला राजकारणाच्या अंगातून साफ काढून टाकलं पाहिजे. डेलम्स नंतर हसून म्हणायचा की ॲग्न्यू माझा प्रचारप्रमुख. पुढं काय झालं बघा. साफसफाई करायला निघालेल्या ॲग्न्यूला १९७३ साली लाचखोरीचे आरोप आणि करचुकवेगिरीच्या खटल्यापायी राजीनामा द्यावा लागला. आणि ज्याला साफ करायचं होतं, तो सत्तावीस वर्षं बसला. निक्सनच्या माणसांनी शत्रूंच्या याद्या केल्या होत्या, त्यात डेलम्सचं नाव होतं. शत्रूच्या यादीत नाव असणं हे पण एक प्रमाणपत्र आहे. कुणाच्या यादीत, ते बघावं.

आता खरी झडती. भाषणं झाली, निवडून आला, पुढं?

१९७१ च्या जानेवारीत, गेल्या गेल्या, त्यानं व्हिएतनाममधल्या युद्धगुन्ह्यांचं प्रदर्शन आपल्या कचेरीच्या जागेत मांडलं. सरकारी चौकशी मागितली, कुणी देईना. मग एप्रिलात त्यानं स्वतःच सुनावणी भरवली. परत आलेले सैनिक येऊन बसले आणि आपल्या हातानं काय केलं ते सांगत गेले. त्या सुनावणीला कायद्याची ताकद नव्हती. पण जे कानात शिरलं ते कायद्यानं बाहेर काढता येत नाही. मे महिन्यात संसदेच्या पायऱ्यांवर युद्धविरोधी लोक जमले, डेलम्स त्यांच्यासमोर बोलत होता, आणि पोलिसांनी बाराशेच्या आसपास माणसं धरली. पुढं कोर्टात ती अटक बेकायदा ठरली आणि लोकांना भरपाई मिळाली. म्हणजे माणूस आत गेला होता, पण पायरीवर बाहेरच्यांसोबत उभा होता.

मग त्यानं एक चाल केली, ती मला फार आवडते. त्याचे मित्र म्हणत असतील की शिक्षणाच्या समितीवर जा, घरांच्या समितीवर जा, तुझ्या लोकांची कामं होतील. हा म्हणाला, मला लष्कराच्या समितीवर बसायचंय. जिथं पैसा वाटला जातो तिथं. १९७३ साली काळ्या खासदारांच्या गटानं जोर लावून त्याला तिथं बसवलं. समितीचा अध्यक्ष होता एडवर्ड हेबर्ट, लुइझियानाचा म्हातारा. त्याला डेलम्स पण नको होता आणि त्याच वर्षी आलेल्या पॅट्रिशिया श्रोडर ह्या बाई पण नको होत्या. श्रोडरबाईंनी पुढं सांगितलं की त्यानं दोघांना मिळून एक खुर्ची दिली. बाई आणि काळा, प्रत्येकी अर्धा सभासद, असा त्याचा हिशेब. भर संसदेत दोन निवडून आलेली माणसं एका खुर्चीवर अर्धी अर्धी बसली.

आपल्याला हे नवीन नाही. वेगळा पेला, वेगळा माठ, पंगतीच्या टोकाला जागा. पण ती दोघं उठून गेली नाहीत. बसली. १९७५ साली नव्या खासदारांच्या लाटेनं हेबर्टचं अध्यक्षपद काढून घेतलं. आणि १९९३ साली त्याच समितीच्या अध्यक्षपदाच्या खुर्चीवर अख्खा बसला तो रॉन डेलम्स. तिथं बसलेला पहिला काळा माणूस.

तिथं त्यानं काय केलं? वीस वर्षं लष्कराचे आकडे पाठ केले. आपल्याला सवय आहे, बजेट म्हटलं की घोषणा द्यायच्या आणि पुस्तिका शिकलेल्यांना वाचू द्यायची. ह्यानं उलटं केलं. बी-टू नावाचं बॉम्बफेकी विमान होतं. रडारला दिसत नाही म्हणे. १३२ विमानं करायचा बेत होता. संशोधनाचा खर्च धरला तर एकेक विमान दोन अब्ज डॉलरच्या घरात गेलं. डेलम्सनं त्याच्या विरोधात जॉन केसिक नावाच्या पक्क्या उजव्या खासदाराशी हात मिळवला. केसिकला सरकारी खर्च कमी हवा होता, ह्याला युद्धखोरी कमी हवी होती. शेवटी विमानं झाली २१. शीतयुद्ध संपलं त्याचाही त्यात वाटा आहे, ते लपवत नाही. पण विरोधकाशी एका कलमापुरता हात मिळवणं आणि त्याच्या पंगतीला जाऊन बसणं, ह्यातला फरक त्यानं दाखवला. आपल्याकडं हात मिळवला की माणूस कोपरापर्यंत जातो आणि मग दिसतच नाही.

आरोग्याचं घ्या. १९७७ साली त्यानं विधेयक आणलं. नुसता विमा नको, देशाची आरोग्यसेवाच हवी. डॉक्टर पगारी, दवाखाना सार्वजनिक, उपचाराला पैसे नाहीत, आणि कारभारावर वस्तीतल्या लोकांनी निवडलेली मंडळं. ते विधेयक पास झालं नाही. तो पुन्हा पुन्हा आणत राहिला, ते पुन्हा पुन्हा पडत राहिलं. आजही अमेरिकेत ते झालेलं नाही. झडतीत हेही लिहायचं: ह्या खिशात काही सापडलं नाही. पण खिसा फाटका होता की माणूस खोटा होता, हे वेगळं बघायचं.

आता दक्षिण आफ्रिका. इथं माझा धक्का येतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला स्वतःच्या देशात फिरायला पास बाळगावा लागायचा. त्या पासवर फोटो. १९७० साली अमेरिकेतल्या पोलरॉइड कंपनीत काम करणाऱ्या कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स ह्या दोघा काळ्या कामगारांना कळलं की आपल्याच कंपनीचं फोटोचं सामान त्या पासांसाठी वापरतात. त्यांनी कंपनीतच बंड केलं. कामगारांची ही ओरड काळ्या खासदारांपर्यंत गेली. १९७२ साली डेलम्सनं आपल्या जोडीदारासोबत संसदेत पहिला ठराव मांडला की अमेरिकन कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेतून भांडवल काढावं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. पोलरॉइड १९७७ साली तिथून निघाली. डेलम्स आपला दर वेळी उभा. पडलं, पुन्हा मांडा. पडलं, पुन्हा मांडा.

दरम्यान १९८४ चा नोव्हेंबर उजाडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या ८० नंबरच्या धक्क्याला 'नेडलॉइड किम्बर्ली' नावाची बोट लागली. तिच्यात दक्षिण आफ्रिकेचा माल होता. तिथल्या गोदी कामगारांच्या युनियनच्या १० नंबरच्या शाखेतली माणसं, लिओ रॉबिन्सन त्यातला पुढचा, बोटीवर चढली. बाकी सगळा माल उतरवला. दक्षिण आफ्रिकेचा माल तसाच ठेवला. हात लावला नाही. अकरा दिवस. धक्क्यावर शेकडो लोक येऊन उभे राहिले. शेवटी कोर्टाचा हुकूम आला, दंडाची धमकी आली, तेव्हा तो माल उतरला.

दोस्तांनो, हे वाचलं तेव्हा मी आमच्या धक्क्यावर स्टीलच्या कॉइलींच्या थप्पीला टेकून बसलो होतो. विचार आला, आपण आयुष्यभर दुसऱ्याचा माल उतरवतो. कुणाचा, कुठून आला, कशासाठी, आपल्याला कोण विचारतं? आणि ह्या माणसांनी निवड केली. हा उतरवू, तो नाही उतरवणार. हमालाच्या हातात पण परराष्ट्र धोरण असतं, हे मला त्या दिवशी कळलं. आपल्या देशानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता १९४६ सालीच, हे आपण अभिमानानं सांगावं. पण सरकारनं तोडणं वेगळं आणि सरकार तोडत नसताना कामगारानं आपल्या पगारावर पाणी सोडून तोडणं वेगळं.

बाहेर धक्का असा पेटला, विद्यापीठांत पोरं बसली, वॉशिंग्टनला वकिलातीसमोर माणसं रोज अटक करून घ्यायला लागली, तेव्हा आत डेलम्सचं जुनं विधेयक जिवंत झालं. १९८६ च्या जूनमध्ये प्रतिनिधीगृहानं त्याचं कडक विधेयक आवाजी मतानं पास केलं. विरोधकांना वाटलं, एवढं कडक आहे तर पुढं आपोआप मरेल. सिनेटनं आपलं जरा मवाळ केलेलं विधेयक पास केलं, आणि शेवटी तेच दोन्हीकडून गेलं. राष्ट्राध्यक्ष रेगननं नकाराधिकार वापरला. संसदेनं तो उलथवला. प्रतिनिधीगृहात ३१३ विरुद्ध ८३, सिनेटमध्ये ७८ विरुद्ध २१. परराष्ट्र धोरणावर राष्ट्राध्यक्षाचा नकार असा मोडला गेला, हे विसाव्या शतकात पहिल्यांदा.

१९७२ ते १९८६. चौदा वर्षं. १९९० च्या फेब्रुवारीत मंडेला सुटले आणि ३० जूनला ओकलंडच्या मैदानात उभे राहून त्यांनी त्या गोदी कामगारांचे आभार मानले. डेलम्सही तिथं होता.

आता कुणी म्हणेल, झालं, देव केलास तू त्याला. नाही. झडती अर्धी करून सोडत नसतात.

१९७२ साली शर्ली चिझम ही काळी बाई राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभी राहिली. काळ्या पुढाऱ्यांनी, म्हणजे पुरुषांनी, तिला एकटं टाकलं. डेलम्सनं पाठिंबा दिला होता. पण पक्षाच्या अधिवेशनात ऐन वेळी तो मॅकगव्हर्नकडं गेला. हिशेब काहीही असो, बाईला जिथं माणूस हवा होता तिथं तो नव्हता. आपल्याकडच्या बहिणींना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९९२ साली खासदारांच्या बँकेत शिल्लक नसताना चेक फाडणाऱ्यांची यादी बाहेर आली, त्यात त्याचं नाव होतं. पुढं म्हातारपणी, २००७ ते २०११, तो ओकलंडचा महापौर झाला आणि लोकांनी लावलेली आशा त्याला पेलली नाही, असं त्याच्या बाजूचे लोक पण बोलले.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट. लष्कर कमी करा, असं तो आयुष्यभर ओरडला. १९९३ साली, तो समितीचा अध्यक्ष असतानाच, लष्करी तळ बंद करायची यादी निघाली. त्यात त्याच्याच मतदारसंघाच्या अंगणातला अलमिडाचा नौदलाचा तळ होता. १९९७ साली तो बंद झाला. हजारो रोजगार गेले. त्यात काळे कामगार होते, युनियनची माणसं होती, त्याचे मतदार होते. दुसरा असता तर म्हणाला असता, सगळीकडचे तळ बंद करा, माझा सोडून. डेलम्सला तसं म्हणता येईना. त्यानं धडपड केली ती तळाच्या जागेवर दुसरे धंदे, दुसरे रोजगार आणायची. ते काम रेंगाळलं. गेलेल्या नोकऱ्या तशाच्या तशा परत आल्या नाहीत.

मी ह्याचा निकाल देत नाही. मुंबईच्या गोदीतून कंटेनर न्हावाशेवाला गेले तेव्हा आमच्या बापांच्या पिढीचं काय झालं ते मी घरात बघितलंय. सॅन फ्रान्सिस्कोचा धक्का उठून ओकलंडला गेला तो पण ह्याच कंटेनरपायी. धोरण बरोबर असतं आणि तरी कुणाच्या तरी चुलीवर पाणी पडतं. उमेदवारानं हे आधी सांगावं. ज्याच्या धोरणात कुणाचंच काही जात नाही, त्याच्या धोरणात कुणाला काही मिळतही नाही.

आता आपल्याकडं येतो, आणि थोडक्यात आटपतो.

आपल्या चळवळीला मतपेटीचा राग आहे, आणि तो उगाच नाही. १९७४ च्या जानेवारीत मध्य मुंबईची पोटनिवडणूक होती. पँथरनं बहिष्कार पुकारला. वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटवली गेली, आपली माणसं मारली गेली. सत्ताधारी काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. म्हणजे बहिष्कारात पण ताकद असते. ती कुणी नाकारू नये. पण पाडून दाखवल्यावर पुढं काय, हा प्रश्न आपण अर्धाच सोडवला. आणि मग उरलेल्या अर्ध्यात गट शिरले, तिकिटं शिरली, पाकिटं शिरली. आज उमेदवार आला की आपण पहिलं काय विचारतो? हा कुणाचा? कोणत्या गटाचा? कुणाच्या पोरीचा नवरा? तो काय म्हणतोय, आकडा काय देतोय, हे विचारायची आपली सवयच गेली.

ही सवय आपल्याला अमेरिकेतून आणायची गरज नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला तो कलमं लिहून काढला. १९३७ च्या सप्टेंबरात विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. बरं, मांडून घरी बसले नाहीत. १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर आणला. त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरला, संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध, कम्युनिस्टांशी मतभेद असताना त्यांच्यासोबत कामगारांचा संप केला. आत विधेयक, बाहेर मोर्चा. खोती मोडणारा कायदा आला १९४९ चा. मांडल्यापासून बारा वर्षांनी. डेलम्सची चौदा, बाबासाहेबांची बारा. पुरोगामी भूमिकेचा भाव भाषणाच्या दिवशी ठरत नाही. पडलेलं विधेयक कितव्यांदा उचललं, त्यावर ठरतो.

आणि एक. १४ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कचे मनोरे पडून तीन दिवस झालेले. राष्ट्राध्यक्षाला युद्धासाठी मोकळा हात द्यायचा ठराव आला. प्रतिनिधीगृहात ४२० बाजूनं. विरोधात एक. तो एक हात बार्बरा ली ह्या काळ्या बाईचा. ही बाई चिझमच्या प्रचारात होती, १९७३ साली बॉबी सील ओकलंडच्या महापौरपदाला उभा राहिला तेव्हा त्याच्या प्रचारात होती, आणि मग वर्षानुवर्षं डेलम्सच्या कचेरीत काम करत होती. डेलम्स गेला त्या जागेवर १९९८ साली ती निवडून आली. तेव्हा तिला देशद्रोही म्हटलं, मारायच्या धमक्या आल्या. वीस वर्षांनी अफगाणिस्तानातून सैन्य परत आलं तेव्हा लोकांना तिचा एक हात आठवला. २०२५ साली ती ओकलंडची महापौर झाली.

माणूस आपल्यामागं पुतळा सोडून जातो की असा हात सोडून जातो, झडतीतला शेवटचा खिसा तो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. पुढच्या वेळी वस्तीत कुणी पांढऱ्या कपड्यातला हात जोडून आला, निळा झेंडा घेऊन आला तरी, त्याला चहा पाजा आणि गेटवर उभा करा. कुणाकडून काढणार आणि कुणाला देणार, आकड्यात सांग. ह्यात कुणाचं नुकसान होईल, तेही सांग. पडलास तर पुन्हा मांडशील का? आमचा मोर्चा पायरीवर आला तर तू आत असशील की बाहेर? उत्तरं वहीत लिहून ठेवा. वही वस्तीच्या वाचनालयात ठेवा, माणसाच्या खिशात नको. पाच वर्षांनी काढा. आणि बाहेरचा धक्का थंड ठेवून आतल्या माणसाला शिव्या देऊ नका. चौदा वर्षं तो एकटा मांडत होता तेव्हा काही झालं नाही. हमालांनी माल खाली ठेवला तेव्हा झालं.

मला उद्या पहिली पाळी आहे. सातला गेटवर. झडती बाहेर पडताना होते, आत जाताना नाही. आपण उमेदवाराची दोन्हीकडून करू.

जयभीम.